काट्यावर कोणाचा हात?

राळेगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी काटेवाला होतो. काटेवाल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. म्हणून आमच्याकडे रीत होती: कापसाची गाडी काट्यावर चढली, बैल सोडले, की मी दोन्ही हात खिडकीबाहेर काढून ठेवायचो. आकडा कम्प्युटरच्या पडद्यावर आपोआप उमटायचा, हात सगळ्यांसमोर. दोन हजार सहाचा हंगाम. कापसाच्या पडलेल्या भावाने लोकांचं कंबरडं मोडलेलं. निदान वजन तरी सरळ मिळावं, एवढंच त्यांचं मागणं.

त्या दिवशी जिनिंगचे मालक शेठजी, त्यांच्या पोराने, पियूषने, नागपूरहून फोन केला. ‘काका, आपल्या कम्प्युटरवर सर्व्हर टाकून राह्यलो. इथूनच करतो. तुमचं वजन मग मले इथं दिसन. तुम्ही फक्त हात लावू नका.’

हात लावू नका, हेच मला खटकलं. सरळ काम असतं तर येऊन केलं नसतं का?

तेव्हा तांड्यावरच्या देवसिंगची गाडी काट्यावर होती. मी हात बाहेर काढले, आकडा उमटला. तेवढ्यात पडद्यावरचा बाण स्वतःहून हलला. चौकटी उघडल्या, मिटल्या, पासवर्डच्या जागी ठिपके पडत गेले. देवसिंग खिडकीतून आत पाहत होता.

‘प्रफुल्लभाऊ, तुहे हात तं इथं हायेत. मंग थो कोन चालवून राह्यला?’

‘नागपूरहून मालकाचा पोरगा.’

खरं बोललो आणि फसलो. रांगेतून कोणीतरी ओरडलं, ‘वजन नागपुरातून लावून राह्यले!’ सगळे खिडकीशी गोळा झाले.

माझं डोकंच फिरलं. कम्प्युटरला लावलेली फोनची वायर उपटली. बाण जागीच थांबला. गाडी पुन्हा मोजली. आकडा तोच.

‘पाहा! हाये का काही फरक?’

‘आज नाही,’ देवसिंग म्हणाला. ‘उद्या तू वायर लावशीनच. मंग?’

मोबाइल वाजला. पियूषच. ‘काका, लाइन काहून गेली? इन्स्टॉल अर्ध्यात सुटलं.’

मी सरळच विचारलं, ‘तिथून वजन नुसतं दिसन, का बदलता बी येईन?’

तो हसला. ‘तुमाले काय करा लागते त्याचं? वायर लावा.’

नुसतं ‘नाही’ म्हणाला असता, तर मी निश्चिंत झालो असतो.

देवसिंग वाट पाहत होता. ‘लेकराची आन घेऊन सांग, काटा खरा राहीन. आत्ताच कापूस टाकतो.’

माझा पोरगा राजदीप डोळ्यांपुढे आला. मी मानेनेच नाही म्हटलं. देवसिंगने बैल जुंपले. मागच्या गाड्याही वळू लागल्या.

शेठजी धावत बाहेर आले. ‘अरे, थांबव त्यांले! सांग ना, काटा खरा हाये म्हणून!’

‘तुम्हीच सांगा शेठजी,’ मी म्हणालो. ‘पियूषची आन घेऊन.’

गाड्या फाटकाजवळ रेंगाळल्या. देवसिंगही मागे वळून पाहत होता.

शेठजींनी आन घेतली नाही.