कोऱ्या कागदावरची सही

जगदीशनं भिंग तिसऱ्यांदा पुसलं आणि पुन्हा सहीवर धरलं. अमेरिकी जहाजाचं दोनशे वर्षांपूर्वीचं परवानापत्र, खाली राष्ट्राध्यक्ष जेफरसनची सही. आजवर त्यानं तिथल्या जुन्या मंत्री-संत्र्यांच्याच सह्या जमवल्या होत्या. राष्ट्राध्यक्ष हा पहिलाच, आणि त्याच्यावर जीव जडला होता. पण सहीची शाई तपकिरी, अन् जहाजाचं नाव काळंभोर! बनावट असेल तर विक्रेत्याला आजच परत पाठवायला हवं होतं. कुरियरवाला पाचला येणार होता.

"अहो, माझ्या सवतीला ठेवा जरा बाजूला," श्यामला म्हणाली. "जमालुद्दीनचाचा आलेत निरोप घ्यायला."

जमालुद्दीन मूळचे रत्नागिरीकडचे. रियाधला बत्हाच्या बाजारात टायपिंगच्या दुकानात बसून त्यांनी पस्तीस वर्षं लोकांचे इकाम्याचे, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याचे, अर्ज भरले; जगदीशचा पहिला अर्जही त्यांच्याच हातचा. परवा ते कायमचे गावी निघणार होते.

"चेहरा का उतरलाय, भाऊ?" चहाचा कप खाली ठेवत त्यांनी विचारलं.

जगदीशनं दोन शायांचं दुखणं सांगितलं. चाचांनी चष्मा वर सरकवला, कागदाला हात न लावता वाकून पाहिलं आणि हसले.

"हे कप्तानाचं नाव बघा, शेवटी कसं कोंबलंय. छापील फॉर्मात जागा पुरली नाय. अहो, तुमचा साहेब काय बंदराबंदरात जाऊन बसणार? कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून गठ्ठा धाडला असणार. तिथल्या कारकुनानं मागाहून भरलं, आपल्या शाईनं. आमचे कफील, दुकानाचे मालक, ते पण असंच करायचे."

जगदीशनं घाईघाईनं फोनवर शोधलं. खरंच की! तेव्हा तशीच रीत होती. त्यानं कुरियरवाल्याला नको म्हणून कळवलं आणि एकटाच खुदखुदत राहिला. श्यामलानं कपाळाला हात लावला, पण तीही हसत होती.

"चाचा, तुम्हाला काय देऊ? मागाल ते."

चाचा जरा अवघडले.

"ते जुने कागद जपायचं पारदर्शक पाकीट असतं ना तुमच्याकडे, एखादं मिळेल?"

त्यांनी खिशातून एक घडी काढून उलगडली. पिवळट पडलेला कोरा कागद. तळाला अरबी सही आणि दुकानाचा शिक्का.

"आमच्या कफीलांच्या शेवटच्या गठ्ठ्यातला. दुसऱ्याच दिवशी गेले बिचारे. अठरा वर्षं झाली."

"आणि तुम्ही यावर काहीच लिहिलं नाहीत?"

"कायपण लिहिता आलं असतं," चाचा म्हणाले. "म्हणून तर नाय लिहिलं."

पाकीट एकच होतं, जेफरसनसाठी मुद्दाम मागवलेलं. जगदीशनं ते उघडून चाचांपुढे धरलं.