विल्मरची खुर्ची

क्लोव्हिस ऑथमांने खुर्ची मागे ओढली, बसायला गुडघे वाकवले आणि तसाच अधांतरी थांबला. बंदर आयोगाच्या टेबलावरच्या पितळी पाटीवर आडनाव बरोबर होतं. नाव भावाचं होतं. विल्मरचं.

विल्मरला पुरून दोन हिवाळे झाले होते.

"वहिनी," तो मागे वळून म्हणाला, "हे बघ काय झालंय."

विल्मरची बायको अझेली पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिने चष्मा चढवून पाटी वाचली.

"अगबाई, खुर्ची ह्यांना मिळाली होय!" आणि क्षणभर, केवळ क्षणभर, तिचा चेहरा उजळला.

पॉइंट सेलेस्त हे गाव समुद्राने सावकाश, चवीने खाल्लं होतं. उरली होती खांबांवरची दोन घरं, एकात क्लोव्हिस आणि दुसऱ्यात अझेली, आणि चुना लावलेल्या थडग्यांची दफनभूमी. बंदराचा जहाजमार्ग खोल करताना निघालेला गाळ दरवर्षी लांब नेऊन समुद्रात ओतला जाई. तोच आमच्या दफनभूमीभोवती टाका, एवढंच क्लोव्हिसचं म्हणणं. पण बंदर आयोगावर गावाचं कुणी नव्हतं. म्हणून तो राजधानीत, बॅटन रूजला, विधिमंडळाच्या समितीपुढे जाऊन बसू लागला. इतका, की दारावरचा शिपाई त्याला बघून "गाळ आला" म्हणायचा. आणि एक दिवस कायदा झालाही. आयोगाच्या सदस्यांचे आठाचे नऊ झाले. नववा पॉइंट सेलेस्तचा रहिवासी असेल, गावाने सुचवलेल्या तीन नावांतून राज्यपाल त्याला निवडतील. तीनपेक्षा कमी नावं चालणार नाहीत.

गावात माणसं दोन.

"तिसरं ह्यांचं टाक," अझेली तेव्हा म्हणाली होती. "ह्यांनी काय गाव सोडलंय? आपल्यापेक्षा पक्के राहतात."

क्लोव्हिसला त्यात काही वावगं दिसलं नाही. पॉइंट सेलेस्तला कुणी मेलं, की ते 'ओकच्या झाडांपलीकडे राहायला गेलं' असंच म्हणत. सर्व संतांच्या दिवशी थडग्यांना चुना लावताना शेजाऱ्यांच्या दारात थांबावं तसं थांबून सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारत. मग त्या भागाच्या सिनेटरच्या माणसाचा फोन आला, "अभिनंदन, ऑथमांचं नाव लागलं!" कुठल्या ऑथमांचं, हे विचारायचं कुणाला सुचणार?

आयोगाचे अध्यक्ष हेबर सज्जन माणूस होते.

"माझा नाइलाज आहे रे, क्लोव्हिस. नेमणूक राज्यपालांची."

"अहो, पण तो मेलाय! तुम्ही स्वतः त्याची पेटी उचललीत."

"डावा कोपरा माझ्याकडे होता," हेबर हळहळले. "जड होता बिचारा."

आयोगाच्या वकीलबाई मिस टूप्स म्हणाल्या, की पुढच्या अधिवेशनात दुरुस्ती सुचवता येईल.

"आणि गाळ?"

"तो ठराव आजच आहे. या हंगामाचं कंत्राट आज ठरतं."

"मग मी बसतो त्याच्या जागी. तोंडवळा तोच आहे."

"नाही बसता येणार. आणि खरं सांगू का? तुमचे भाऊ स्वतः आले असते, तरी त्यांना यावर मत देता आलं नसतं. दफनभूमीत त्यांचा वैयक्तिक हितसंबंध आहे."

"माझं नाव लागलं असतं तर?"

"तर चाललं असतं. तुम्ही अजून तिकडे राहायला गेला नाहीत ना."

कुणी हसलं नाही. बाई बरोबरच बोलत होत्या.

हजेरी सुरू झाली. "विल्मर ऑथमां," कारकुनाने पुकारलं आणि सगळ्यांनी नकळत दाराकडे पाहिलं. क्लोव्हिसनेही.

"गैरहजर."

गाळाच्या ठरावाच्या बाजूने हेबरांनी हात वर केला, आणखी तिघांनी केला. चार विरुद्ध चार. ठराव पडला. त्यानंतर सदस्य विल्मर ऑथमां यांच्या निधनाबद्दल शोकठराव मांडला गेला. तो एकमताने संमत झाला.

सर्व संतांच्या दिवशी दोघं होडीनेच दफनभूमीत शिरली. पूर्वी फाटक असलेल्या जागेवरून होडी अलगद गेली. अझेली विल्मरच्या थडग्याला चुना लावत होती आणि क्लोव्हिस गुडघाभर पाण्यात बादली धरून उभा होता. चौथऱ्याच्या दोनच पायऱ्या पाण्याबाहेर होत्या. अझेलीने पर्समधून पितळी पाटी काढली आणि खालच्या पायरीवर नीट उभी केली.

"ढापलीस?"

"ह्यांचीच आहे."

ती पुन्हा कुंचला फिरवू लागली. जिथे पांढरं झालं होतं तिथेच परत.

"लेक ह्यूस्टनला बोलावतेय," ती म्हणाली. "खोलीसुद्धा रंगवून ठेवलीय म्हणे."

"कधी जातेस?"

"नाताळच्या आधी." तिने वर पाहिलं नाही. "पण पुढच्या वेळी नावं मागितली, की माझं टाक हो. इथेच राहते म्हणून सांग."

क्लोव्हिसने मान डोलावली.

दक्षिणेचा वारा सुटला होता. पाणी पाटीला लागलं, तेव्हा त्याने ती उचलून वरच्या पायरीवर ठेवली. अझेलीचा चुना अजून चालूच होता. पाणी पुन्हा पाटीशी आलं. क्लोव्हिसने ती उचलली, बाहीला पुसली आणि हातातच धरून ठेवली.