दीपगृहातला दिवा

मला कार्डात फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. गर्व म्हणा, काय हवं ते म्हणा. पूर्वी बिस्किटांच्या पुड्यांतून चित्रांची कार्डं निघायची ना, त्यांचं माझं दुकान आहे. पहिल्या छपाईचं कार्ड कुठलं आणि नंतरचं कुठलं, हे लोक माझ्याकडूनच तपासून घेतात.

इमारतींच्या मालिकेतलं फक्त दीपगृह माझ्या अल्बममध्ये नव्हतं. म्हणजे नंतरच्या छपाईची ढिगानं होती, पहिल्या छपाईचं नव्हतं. पहिल्या खेपेला छापखान्यात गडबड झाली आणि वरच्या खिडकीत पिवळा रंग पडायचाच राहिला. दिवा विझलेला! पुढच्या छपाईत चूक सुधारली. आम्हा वेड्यांना अर्थातच तो विझलेलाच हवा. त्या एका रिकाम्या कप्प्यापायी मी किती बाजार पालथे घातले, विचारू नका.

वाढदिवसाला सकाळी आमच्या ह्यांनी माझ्या चहाच्या कपाशेजारी एक पाकीट ठेवलं.

हे म्हणजे पाट्या रंगवणारे. होते, म्हणायला हवं. आजारपणानंतर हात थरथरायला लागला, तसा ह्यांनी ब्रशांचा डबा माळ्यावर टाकून दिला. माझ्या दुकानाच्या पाटीचा रंग पार उडालाय, पण दुसऱ्या कुणाचा हात तिला लागलेला मला खपणार नाही.

"उघड तरी!" हे म्हणाले.

आत दीपगृह. खिडकीत दिवा लख्ख.

"अय्या, छान!" मी तोंडानं म्हटलं. मनात म्हटलं, झालं, नंतरचंच आणलं. माणसाचं मन कशाला मोडा? पण सवय थोडीच जाते! कार्ड उलटं केलं. मागच्या आकड्याभोवती गोल नव्हता. तो नसतो फक्त पहिल्या छपाईत. पुठ्ठाही करडा, पहिल्यासारखाच. मागून पहिलं आणि पुढून नंतरचं, असं कुठं असतं का?

भिंग काढलं. छापलेला रंग भिंगाखाली ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. आकाश ठिपक्यांचं होतं, समुद्र ठिपक्यांचा होता. खिडकीतल्या पिवळ्यात मात्र एक ठिपका असेल तर शपथ!

"अहो, हा दिवा कुणी लावला?"

"मी!" हे एकदम खुशीत. "दुकानदाराकडे हे एकच होतं. एवढं देखणं दीपगृह आणि आत अंधार! तुला अशी अर्धवट वस्तू कशी देणार? म्हटलं, आपणच पुरी करू."

मी कपाळावर हात मारला. "अहो, त्या अंधारासाठीच तर मी जीव टाकत होते! सोन्यासारखं कार्ड मातीत घातलंत!" आणखीही बरंच बोलले, ते इथं सांगण्यासारखं नाही.

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. "पुसून देऊ का?"

"खबरदार हात लावलात तर! पुठ्ठाही जाईल."

रंग निघण्यासारखा आहे का, ते बघायला मी पुन्हा भिंग लावलं आणि बघतच राहिले. तिळाएवढी खिडकी. चारी कोपरे नीट भरलेले, आणि रंग रेषेबाहेर केसभरही गेलेला नाही.

"ब्रश कुठला घेतलात?"

"माळ्यावरचा. सगळ्यात बारीक."

"आणि हात?"

हे स्वतःच्या हाताकडे बघायला लागले. "हाताचं माझ्या लक्षातच नाही आलं गं."

मला हसू फुटलं आणि रडूही. आनंद झाला हो, दुसरं काय! कार्ड त्या रिकाम्या कप्प्यात सरकवलं आणि अल्बम मिटला. आता कुणी संग्राहक ते बघून "अरेरे, वाया गेलं" म्हणून हळहळला, की मी भिंग त्याच्या हातात देते आणि म्हणते, नीट बघा जरा.

त्याच दुपारी मी स्टुलावर चढले, दुकानाची पाटी उतरवली आणि घरी आणून ह्यांच्यापुढे धाडकन ठेवली.

"अर्धवट वस्तू चालत नाही ना तुम्हाला? मग करा ही पुरी."