चुकीचे तीन पर्याय

गणिताच्या प्रश्नाला चार पर्याय असतात. बरोबर उत्तर कोणीही लिहील. खरी कारागिरी चुकीच्या तिन्हींत. सगळ्या शाळांच्या शेवटच्या वर्षासाठी एकच पेपर निघायचा, आणि तो काढणाऱ्या मास्तरांचे प्रश्न समितीच्या बाई सारखे परत पाठवत होत्या.

"मास्तर, असल्या चुका कुठली मुलं करतात? जरा खऱ्या मुलांच्या चुका आणा की!" तेही भर बैठकीत. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं.

खरं मूल घरातच होतं. त्यांची धाकटी त्याच पेपराला बसणार होती. नियमाप्रमाणे त्यांनी ते समितीला कळवायला हवं होतं, पण अवाक्षर काढलं नाही. पोरीला नर्स व्हायचं होतं, आणि गणितात नापास झाली की ते दार बंद. आजवर तिची वही दिसली की ते नुसते डाफरायचे.

त्या दिवसापासून डाफरणं थांबलं. जेवणं झाली की ते तिच्यापुढे गणितं ठेवत. "तुला सुचेल तसं सोडव. मी ओरडणार नाही."

पोरगी हरखली. कंसाचा वर्ग करताना ती मधलं पद खाऊन टाकायची, ऋणाला ऋणाने गुणून पुन्हा ऋणच लिहायची. मास्तर मान डोलवायचे आणि तिची उत्तरं टिपून ठेवायचे.

"बरोबर आहे ना, बाबा?"

"छान चाललंय."

एकदा जीभ वळवळली त्यांची, नाही असं नाही. पण चूक सुधारली की झरा आटला, म्हणून शब्द गिळला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि तेही पोटच्या पोरीचा. तिची आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "बाप-लेकीचं बरं जमायला लागलं हो!"

बाईंनी नवे प्रश्न वाचून मास्तरांची पाठ थोपटली. "काय पर्याय आहेत! मुलं अलगद फसणार." पुढच्या वर्षी समिती मास्तरांच्याच हाती द्यायची, असंही ठरलं.

परीक्षेच्या दिवशी पोरगी धावतच घरी आली. एक चप्पल दारात, दुसरी थेट खुर्चीखाली.

"बाबा, इतका सोपा पेपर! शाळेच्या चाचणीत माझं उत्तर पर्यायांत सापडायचंच नाही, मग मी परत सोडवायचे. आज एकही गणित परत सोडवावं लागलं नाही. जे उत्तर येईल ते समोर छापलेलंच!"

आईने तिला जवळ घेतलं. मास्तर चष्मा पुसत राहिले.

"सगळं तुमच्यामुळे, बाबा. नर्सिंगचा अर्ज उद्याच आणायचा?"

"आणू," मास्तर म्हणाले.