चौकटीतली चिठ्ठी

अकरा मुलाखतींत नापास झाल्यावर मोठ्या लेकीला बाराव्या ठिकाणी नोकरी लागली आणि आईचा जीव भांड्यात पडला. मोठी बत्तीस वर्षांची, ऑटिस्टिक. आधीच्या अकरा साहेबांना तिच्या कामाशी देणंघेणं नव्हतं. ती डोळ्यांत बघत नाही आणि "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की जन्मवेळेपासून सुरुवात करते, एवढंच त्यांनी टिपून घेतलं. बाराव्या कंपनीचं मन मात्र मोठं होतं. घरगुती यंत्रांबरोबर येणारी माहितीपत्रकं छापणारी ही कंपनी. वार्षिक अहवालात फोटो घालायला कंपनीला यंदा कुणीतरी 'वेगळं' माणूस हवंच होतं.

पहिल्याच दिवशी जंगी स्वागत झालं. मोठा आवाज सहन होत नाही असं तिने अर्जात लिहिलं होतं, म्हणून लाऊडस्पीकर एकच लावला होता. चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या. तिने कान झाकले, त्यामुळे फोटो काही छापण्याजोगा आला नाही. मग टाळ्या पुन्हा वाजवल्या.

नेमणूक मजकूर तपासण्यासाठी होती. टेबल मिळालं, खिडकी मिळाली, मजकूर मात्र मिळेना. पंधरा दिवस वाट बघून ती साहेबांकडे गेली.

"साहेब, मला काम द्या."

"अगं, कशाला उगाच दगदग? तू आहेस हेच आमच्यासाठी खूप आहे."

घरी आई म्हणाली, "बसून पगार मिळतोय तर बैस की! अशा नोकरीसाठी लोक देव पाण्यात घालून बसतात."

"बसायला घरात खुर्च्या आहेत," मोठी म्हणाली. तिला काम हवं होतं. ती नसली तर कुणाचं तरी अडेल, असं काम.

शेवटी एका सोमवारी शेजारच्या टेबलावरचं पत्रक तिने आपणहून उचललं. पाणी तापवायच्या टाकीचं पत्रक, शुक्रवारी छपाईला जाणारं. तिसरी पायरी: बटण चालू करा. पाचवी पायरी: टाकीत पाणी भरा. तिने चिठ्ठी लिहिली, 'या क्रमाने केलं तर रिकामी टाकी जळेल. पाणी आधी भरायला सांगा.'

चिठ्ठी हातात पडताच साहेबांना गहिवरून आलं. "बघा, किती मन लावून लिहिलंय पोरीने!" दुसऱ्या दिवशी चिठ्ठी काचेच्या चौकटीत बसून स्वागतकक्षाच्या भिंतीवर चढली. येणारा-जाणारा थांबून कौतुक करी. वाचायची तसदी कुणी घेतली नाही. मोठीने साहेबांना तीनदा सांगितलं की पत्रकात चूक आहे. "चूकबीक काही नाही गं, फार सुंदर झालंय," ते तिन्ही वेळा म्हणाले.

शुक्रवारी तळमजल्यावर मशीनची धडधड सुरू झाली. मोठी स्वागतकक्षात गेली. तिने चौकट खिळ्यावरून काढली, कानांत कापसाचे बोळे कोंबले आणि त्या आवाजात शिरली. कोपरापर्यंत शाई माखलेल्या छपाईवाल्यासमोर तिने चौकट धरली. त्याने चिठ्ठी वाचली, पत्रक वाचलं आणि मशीन बंद केलं.

"कधी सापडली ही चूक?"

"सोमवारी."

"सोमवारी? आणि चार दिवस भिंतीवर शोभेला लावलीत? चार हजार पत्रकं रद्दीत गेली माझी! डोकं ताळ्यावर आहे ना? चूक दिसली की तडक माझ्याकडे यायचं, कळलं?"

या इमारतीत तिच्यावर आजवर कुणी खेकसलं नव्हतं. हा माणूस बाकी सगळ्यांवर रोज खेकसत असे. मोठीला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

"कळलं. उद्या किती वाजता येऊ?"

"उद्याचं उद्या. हे दुसरं पत्रक दुपारी मशीनवर चढवायचंय, ते आत्ता वाच." त्याने गठ्ठा तिच्या हातात कोंबला. "आणि इथे नको, कागदाच्या खोलीत बैस. दार लावून घे, आत आवाज येत नाही."