उत्तरेची खिडकी

२००४ साली शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये बसून मी फ्रान्सचा इतिहास बिघडवला. व्हिसा एच-वन होता. त्यात याला कुठे मनाई नव्हती.

आमच्या कंपनीचे मालक पुरुषोत्तमकाका म्हणजे माझ्या बायकोचे, नंदाचे, सख्खे काका. मूळचे नागपूरचे. माझ्या ग्रीन कार्डाची फाइल त्यांच्या टेबलाच्या खणात होती, म्हणून ऑफिसातही मी त्यांना काकाच म्हणायचो. शिकागोच्या एका टूर कंपनीने आम्हाला वेबसाइटचं काम दिलं: फ्रान्समधल्या एका खेड्यातला शातो द मोर्वाल. १५३४ची गढी, इटालियन गवंड्यांनी बांधलेला गोल जिना, मालकीण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मादाम. जिन्याचे फोटो आले. इतिहास मादाम पोस्टाने पाठवणार होत्या, तो काही आला नाही.

पान रिकामं दिसू नये म्हणून टेस्टिंगला आम्ही काहीही भरतो. पुण्यातल्या पहिल्या नोकरीपासून माझे टेस्ट कस्टमर सगळे नातेवाईकच. इथे मी नंदाच्या माहेरची गोष्ट भरली. लोणच्याच्या बरणीवरून दोन जावांचं वाजलं, आणि धाकटीचं तोंड दिसू नये म्हणून थोरलीने, म्हणजे नंदाच्या आजीने, उत्तरेची खिडकी विटांनी बुजवून घेतली. लोणच्याची वाइन केली, जावांच्या सरदारणी केल्या. डेमो झाला, साइट लाइव्ह गेली, आणि मजकूर बदलायचा मी विसरलो.

महिन्याभराने काकांनी केबिनमध्ये बोलावलं.

"जावईबापू, ही आमच्या आईची खिडकी ना?"

"सॉरी काका, डमी टेक्स्ट होता. आजच काढतो."

"खबरदार! क्लायंटचा फोन होता. लोकं खिडकीसाठी बुकिंग करून राहिले. आईनं उभ्या जन्मात नागपूर सोडलं नाही, अन् पोचली बघ फ्रान्सात." मग आवाज खाली आला. "खोटं निघालं तर क्लायंट जाईल. क्लायंट गेला, की तुझी फाइल मी कोणत्या कामावर दाखवू?"

त्याच आठवड्यात मादामचं पाकीट आलं. हाताने लिहिलेली एकतीस पानं, वर इंग्रजीत चिठ्ठी: 'बाकी काहीही गाळा, १९४४चं पान गाळू नका. माझ्या भावाने, एतिएनने, उत्तरेच्या खोलीत सात माणसं लपवली होती. जर्मनांनी त्याला अंगणात गोळी घातली. त्याचं नाव अजून कुठेच लिहिलेलं नाही.'

घरी नंदाला दाखवलं. तिने चिठ्ठी दोनदा वाचली.

"अरे, मग लाव ना उद्याच."

"आणि फाइल?"

तिला पाचवा महिना होता. ती पोळी लाटायला लागली. ती पोळी फारच पातळ झाली.

पाकीट मी खणात ठेवलं. माझ्या, काकांच्या नाही. एवढा फरक मी तेव्हा महत्त्वाचा मानला.

सहा आठवड्यांनी मादामची ईमेल आली: 'पाहुणे येऊन खिडकी विचारतात, आणि नाही म्हटलं की चिडतात. छप्पर गळतंय, पाहुणे मला हवेत. म्हणून गवंडी बोलावून तुम्ही लिहिल्याप्रमाणे खिडकी बुजवून घेतली. उत्तरेला एकच होती, एतिएनच्या खोलीची. त्याचं पान कधी लागेल?'

सोबत साइटसाठी फोटो होता. विटा फारच नव्या दिसत होत्या.

मी त्या विटा फोटोशॉपमध्ये जरा जुन्या केल्या आणि खाली लिहिलं: १५३४.