बुडाला भोकं असलेलं सत्यपात्र

अकोल्याच्या कापूसबाजाराजवळ, मोर्णेच्या काठी, त्या सकाळी एवढी माणसं जमली की गाड्यांना वाट मिळेना. मध्ये चाळणीबाबा बसला होता. त्यानं पितळेचं भांडं पाण्याच्या घंगाळात बुडवलं आणि दांड्याला धरून वर उचललं. बुडाला चाळणीसारखी भोकं, तरी थेंब गळेना. बायकांनी हात जोडले. पुरुषांनी आधी बायकांकडे पाहिलं, मग त्यांनीही जोडले.

"बच्चा, ये सत्यपात्र है," बाबा म्हणाला. "हिमालयातल्या गुरूनं दिलं. सच्च्या माणसावर रुकेल, चोरावर बरसेल."

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपल्यानं तिथला कापूस विलायतेला जाईना आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. घरात पैसा आला, पाठोपाठ चोरीचा संशय आला, आणि संशयाच्या वासावर बाबा आला. कापसावर गब्बर झालेल्या खुशालरावांनी तर बैलांना चांदीच्या घुंगरमाळा केल्या होत्या. त्यातली एक हरवली. बोट सुनेकडे वळलं, कारण शकुन नवी होती आणि दर्यापूरकडच्या गरिबाघरची होती. बाबानं हे सारं आदल्या दिवशी खुशालरावांकडे जेवताना गप्पांत काढून घेतलं होतं. त्रिकालज्ञान म्हणतात ते हेच.

"हात पुढं कर, बेटी."

शकुननं पात्राखाली ओंजळ धरली. बाबानं डोळे मिटले आणि सरसर पाणी पडलं.

"जाय मायच्या घरी," खुशालराव म्हणाले. "गाडी जुंपा रे."

"मी नाई नेली, मामाजी," शकुन म्हणाली. कोण ऐकतो? भांडं बोललं होतं ना.

गर्दीत कासारीण मैनाबाई उभी होती. नवरा गेल्यावर दुकानाचा हातोडा तिनंच उचलला होता. हे भांडं तिनंच बाबाला घडवून दिलं होतं: तोंड बंद, बुडाला भोकं, दांडा पोकळ आणि दांड्याच्या टोकाला बारीक छिद्र. काम विचित्र होतं. पण लोक गाडीच्या चाकाला चांदी मढवायला निघाले होते, अशा दिवसांत कारागीर "काहून?" विचारत बसत नाही. शिवाय कासारआळीचा रिवाज असा, की एका गिऱ्हाईकाचं काम दुसऱ्याला सांगायचं नाही. सांगणाऱ्याच्या दुकानाची पायरी पुन्हा कोण चढणार?

शकुनला गाडीत बसवलं तेव्हा मैनाबाईनं रिवाज गुंडाळून ठेवला.

"बाबा, भांडं द्या इकडे."

"दूर हटो. अपवित्र हो जायेगा."

"घडवतानी माह्याच मांडीवर होतं. तवा नाई झालं ते? अन् तुमचा हिमालय आमच्या कासारआळीतच हाय."

लोक हसले. तेवढ्यात तिनं भांडं घेतलंही. नवं भांडं गिऱ्हाईकाला देण्याआधी कासार पाण्यात बुडवून पाहतो. हेही तिनं तसंच पाहिलं होतं आणि त्यातली मेख तिला तेव्हाच कळली होती. भांडं बुडवून, दांड्याच्या टोकावर अंगठा दाबून, तिनं ते वर उचललं.

"आयका. काल मी हत्तीवर बसून अमरावतीले गेली, अन् घुंगरमाळ मीच नेली."

एक थेंब नाही.

"माहं नाव मैना." तिनं अंगठा उचलला आणि पाणी धो धो आलं.

"वरचं भोक दाबलं का हवा आत जात नाई. हवा नाई गेली तं पाणी खाली येत नाई. बस, इतकंच हाय."

मग खोटं बोलायला रांग लागली. एकानं सांगितलं की सासू आपल्यावर फार माया करते. पात्र कोरडं ते कोरडंच. बाबा केव्हा उठून गेला हे कोणी पाहिलं नाही, सगळे रांगेत होते.

"मंग माळ कोणं नेली?" खुशालरावांनी विचारलं.

"मले काय मालूम? शोधा. नाई सापडली तं नाई सापडली म्हणा."

खुशालराव गाडीपाशी गेले. "चाल पोरी, घरी."

शकुन हलली नाही. "मामाजी, चोर सगळ्यांसमोर ठरवलं. आता सगळ्यांसमोरच सांगा."

खुशालरावांनी खाली पाहिलं. मग गर्दीकडे वळून म्हणाले, "माही सून चोर नाई. मी चुकलो." तेव्हा ती उतरली. मला तर त्या पाण्यापेक्षा हाच मोठा चमत्कार वाटतो.

माळ कोणी नेली हे मलाही ठाऊक नाही, आणि तसं सांगायला मला लाज वाटत नाही. 'ठाऊक नाही' म्हटल्यानं कोणाचं घर मोडत नाही. भांड्याचं ऐकून मोडतं. म्हणून बाबांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी त्याच हातांत ते भांडं मागून घ्या. जो द्यायला कां-कू करील, त्याच्यापुढून उठा आणि आपली लेकबाळ घरी न्या.